जुने टोपो नकाशे आणि पूर्व ऑरेगॉन: झरा आहे, रँच आहे, मग माणसं कुठे गेली?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी मूळची पुण्याची, सध्या आयडाहोत, बॉयसीला. कॉलेजात असताना ४७ एफच्या टोपोशीटची (चढउतार दाखवणाऱ्या सरकारी नकाशाची) झेरॉक्स पाठीवरच्या सॅकमध्ये घालून सह्याद्रीत पुष्कळ भटकले. त्यामुळे आपल्याला नकाशा वाचता येतो, असा माझा समज होता. तो या जूनमध्ये उतरला.

इथून साडेचार तासांवर, ऑरेगॉनच्या हार्नी काउंटीत स्टीन्स नावाचा डोंगर आहे. डोंगर म्हणजे ३० मैल लांबीचा, तिरका ठेवलेला एक लाकडी पाट समजा. पश्चिमेकडून इतका हळू चढतो की चढतोय हे गाडीला कळतं, माणसाला कळत नाही. माथा ९,७३३ फूट. आणि पूर्वेला चार-पाच मैलांच्या आत सुमारे ४,००० फुटांवर, थेट ॲल्व्हर्डच्या कोरड्या तळ्यावर उतरतो. म्हणजे तो कडा समुद्रसपाटीपासून मोजलेल्या कळसूबाईपेक्षा उंच भरतो. पाहिल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

घरी आल्यावर यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) टोपोव्ह्यू या संकेतस्थळावरून त्या भागाचे जुने नकाशे उतरवले (फुकट आहेत, १८८४ पासूनचे). एक १९५० च्या दशकातला, १:२,५०,००० चा, ‘अडेल’ नावाचा. दुसरा त्यानंतरचा, १:२४,००० चा. पहिल्यावर एका ओढ्याच्या तोंडाशी ठिपका आणि पुढे एका रँचचं नाव. दुसऱ्यावर त्या जागी घर नाही, फक्त ‘कोरल’ (गुरांचा कोंडवाडा) असं लिहिलंय आणि बाजूला निळ्या रंगात तीन झरे. (रँचचं नाव मुद्दाम देत नाही. आजूबाजूला खासगी जमीन आहे.)

माझे प्रश्न असे. नकाशाभर पसरलेली लाल चौकट आणि तिच्यातले १ ते ३६ आकडे काय आहेत? मधेच जांभळ्या रेषा कसल्या? एवढा मोठा भाग नुसता कोरा पांढरा का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे कोण राहत होतं आणि का गेलं, हे नकाशावरून काही समजतं का? एका झऱ्याचे आकडे नकाशाच्या कडेवरून वाचून फोनमध्ये टाकले होते आणि तिथवर चालतही गेले होते. झरा सोडाच, ओल नव्हती. सेजब्रश (इथलं करडं माळझुडूप) आणि दगड. सप्टेंबरमध्ये परत जायचंय.

कट्ट्यावरचा

ताई, गूगल अर्थ उघडा की! १९५० च्या कागदावरून झरा शोधायचा म्हणजे आजोबांच्या पंचांगावरून आजची लोकल पकडण्यासारखं आहे. :)

माळरान

रानजाई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी राहुरीला शेतकी शिकलो, मग चराऊ रानांचा अभ्यास करायला इकडे आलो. गेली बावीस वर्षं पूर्व ऑरेगॉनात दुसऱ्याच्या गुरांनी किती गवत खाल्लं ते मोजून पोट भरतोय. आई गावात सांगते, “थोरला अमेरिकेत गवत मोजतो.” लोकांना वाटतं म्हातारी काहीतरी लपवतेय.

कट्ट्यावरच्यांचं अर्धं खरं आहे. आज काय आहे ते वरून काढलेल्या फोटोत नीट दिसतं. पण फोटोत नावं नसतात, आणि जे मोडून गेलं तेही नसतं.

आता मुद्द्यावर येतो. सह्याद्रीत आपण नकाशा तपकिरी रंगातून, म्हणजे उंचीच्या रेषांतून वाचतो. कडा कुठे, नाळ कुठे, खिंड कुठे. पाणी काय, कुठेतरी टाकं निघतंच. इकडे तपकिरी रंग विसरा. पहिला अर्धा तास फक्त निळा बघा. पेन घ्या आणि प्रत्येक झऱ्याला, पाणथळीला, अखंड निळ्या रेषेला गोल करा. तुटक निळी रेषा म्हणजे पावसाळ्यापुरता किंवा बर्फ वितळेपर्यंत वाहणारा ओढा, ती सोडा. निळी तुटक कड असलेलं तळंही हंगामीच. सबंध पटावर तुमचे दहा-बारा गोल होतील. रँच म्हणजे ते गोल. बाकीचा पांढरा कागद त्यांच्या मागून आलेला आहे.

हे का, ते गणित मांडल्याशिवाय पटत नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं वसायला येणाऱ्या कुटुंबाला १६० एकर सरकारी जमीन मिळे. आयोवात तेवढ्यात संसार होतो. इथे सेजब्रशच्या माळावर एका गाय-वासराच्या जोडीला महिनाभर पुरेल एवढं गवत यायला दहा-पंधरा एकर सहज लागतात. वर्षाचा हिशोब करा. १६० एकरांत एक गाय! पुढे १९०९ ला ३२० एकर केले आणि १९१६ ला खास गुरं पाळणाऱ्यांसाठी ६४० एकर. म्हणजे चार गाई. वॉशिंग्टनात बसून कायदा करणाऱ्यांना पाऊस कुठे पडतो ते ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असून उपयोग नसावा.

म्हणून शहाण्या माणसानं जमीन घेतलीच नाही. त्यानं पाणी घेतलं. तुमची लाल चौकट इथे कामाला येते. ती सरकारी मोजणीची जाळी. सहा मैल बाय सहा मैलांचा एक टाउनशिप, त्यात एकेका चौरस मैलाचे ३६ सेक्शन. १ नंबर ईशान्येच्या कोपऱ्यात, तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत, मग खालच्या ओळीत उतरून उलटं पूर्वेकडे. नांगराचे बैल वळतात तसं. एक सेक्शन ६४० एकरांचा, त्याचे सोळा तुकडे केले की चाळीस एकर. सरकार जमीन द्यायचं ती बहुधा या चाळिशीच्या चौकोनांत. बीएलएमचा (केंद्राच्या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचा) मालकीचा नकाशा उघडा. त्यात सरकारी चराऊ जमीन पिवळी, खासगी पांढरी. तुमच्या टोपोवर तो ठेवा. ओढ्याला चिकटून पांढरे चौकोन पायऱ्या पायऱ्यांनी वर चढत गेलेले दिसतील, आणि सुटा एखादा चाळीस एकरांचा पांढरा ठिपका पिवळ्याच्या मधोमध. त्या ठिपक्यात झरा सापडला नाही तर मला सांगा. (१६ आणि ३६ नंबरचे सेक्शन वेगळे. ते शाळांच्या खर्चासाठी राज्याला दिलेले असत.)

ज्याच्याकडे झरा, त्याच्याकडे चहूबाजूंचं तीन-चार मैलांचं गवत आपसूक आलं, कारण दुसऱ्याची गुरं पाण्यावाचून तिथे उभी राहू शकत नाहीत. सातबाऱ्यावर चाळीस एकर आणि वापरात चाळीस चौरस मैल. १९३४ पर्यंत हे असंच उघड्यावर चाललं. जो आधी पोचेल त्याचं गवत. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरून आलेले बास्क मेंढपाळ मेंढ्यांचे कळप घेऊन फिरत. स्टीन्सवरच्या ॲस्पेन झाडांच्या सालींवर त्यांनी कोरलेली नावं अजून वाचता येतात. १९३४ च्या टेलर ग्रेझिंग ॲक्टनं परवाने सुरू केले आणि परवाना कोणाला, तर ज्याच्याकडे आधीच जवळपास जमीन किंवा पाणी आहे त्याला. फिरत्या मेंढपाळाकडे दोन्ही नव्हतं. आपल्याकडच्या धनगराला वनखात्यानं जसं एक दिवस कुंपणाबाहेर काढलं, तसंच. चराईचा दर अनेक वर्षं जोडीमागे महिन्याला १.३५ डॉलर या किमान पातळीवर होता. यावर इथल्या कुठल्याही चहाच्या, म्हणजे कॉफीच्या टपरीवर भांडण लावून देता येतं. मी लावत नाही.

आता माणसं कुठे गेली. तुमच्या पटाच्या सपाट भागात रस्ते बघा. रँचचा रस्ता ओढ्याच्या कडेनं, खिंडीतून, जमिनीच्या कलानं जातो. ओसाड माळावर एखादी पायवाट काटकोनात वळताना दिसली की समजायचं, इथे कोणाच्या तरी शेताची हद्द होती. लाल रेषेला धरून वळणारा रस्ता म्हणजे होमस्टेडरचा. स्टीन्सच्या पश्चिमेला कॅटलो खोऱ्यात १९०९ नंतर अशी पुष्कळ कुटुंबं उतरली. पाऊसकाळ बरा होता, राय पेरली. मग पावसानं हात आखडला, थंडीनं पीक मारलं, सशांनी उरलेलं खाल्लं, आणि दहा-पंधरा वर्षांत बहुतेक निघून गेली. शाळा, पोस्ट, दुकान सगळं होतं. नंतरच्या पटांवर काटकोन तेवढे उरले.

तुमचा ठिपका मात्र ओढ्याच्या तोंडाशी आहे, म्हणजे तो बहुधा गुरांवाल्याचा. असली ठिकाणं मरत नाहीत, विकत घेतली जातात. घर पडतं, पाणी मोठ्या रँचच्या कामाला लागतं. ‘रँच’ जाऊन ‘कोरल’ उरला याचा अर्थ माणसं गेली पण गुरं अजून येतात. भरीव काळा चौकोन म्हणजे राहतं घर, पोकळ म्हणजे गोठा-कोठार. तुमच्याकडे पोकळही नसेल तर छप्पर पडलेलं असणार. लांबून लोंबार्डी पॉप्लरची एखादी ओळ दिसते का पाहा. सरळसोट, सुरूसारखी झाडं. इथे ती आपोआप उगवत नाहीत. कोणीतरी बाई बादलीनं पाणी घालून जगवते, तेव्हा येतात.

जांभळ्याचं एका वाक्यात: नकाशा पुन्हा छापताना विमानातून काढलेल्या फोटोंवरून घातलेली भर, जागेवर जाऊन न तपासलेली. जांभळ्यावर पैज लावू नका. आणि पांढरा म्हणजे मोकळा नव्हे. हिरवा रंग झाडीसाठी राखलेला. सेजब्रश, गवत, बुटकी झुडपं यांना रंगच दिलेला नाही. मी ज्याच्यावर आयुष्य काढलं ते सगळं या नकाशांवर कोरं आहे.

या कोऱ्यावर अजून एक सांगतो, मग थांबतो. फ्रेंचग्लेनला तुम्ही गेला असालच. १८७२ मध्ये पीट फ्रेंच नावाचा तरुण कॅलिफोर्नियातून १,२०० गुरं घेऊन डॉनर उंड ब्लिट्झन नदीच्या खोऱ्यात आला. मालक डॉ. ग्लेन, म्हणून गावाचं नाव फ्रेंचग्लेन. फ्रेंचनं नदीचं पाणथळ कुरण हेरलं, कारण हिवाळ्यात गुरं जगवायची तर गंजी हवी आणि गंजीला रानगवत हवं. आता त्याच वर्षी, १८७२ लाच, शेजारी उत्तर पायूट या इथल्या मूळ रहिवाशांसाठी मॅल्हूर राखीव क्षेत्र जाहीर झालं होतं. १८७८ च्या बॅनॉक युद्धानंतर त्या लोकांना जानेवारीच्या बर्फातून वॉशिंग्टन टेरिटरीत याकिमाला चालवत नेलं आणि राखीव क्षेत्र वसाहतीला खुलं झालं. नंतर येणाऱ्या नकाशावाल्याला रान कोरं दिसलं, ते असं.

फ्रेंचचा शेवटही एका रेषेपायीच झाला म्हणा ना. मोजणीदारांनी मॅल्हूर सरोवराचा काठ एका रेषेनं नोंदवला. पण हे सरोवर श्रावणातल्या नदीसारखं लहरी आहे. १९३० च्या दशकातल्या दुष्काळात जवळजवळ आटलं होतं आणि १९८० च्या दशकात शेजारची दोन तळी पोटात घेऊन रेल्वेच्या रुळांवर चढलं होतं. फ्रेंचच्या काळात पाणी मागे हटलं. रेषा आणि पाणी यांच्या मधली गाळाची जमीन कोणाची? तो म्हणे काठ माझा, म्हणजे पाण्यापर्यंत माझं. वसाहतवाले म्हणत रेषेपलीकडचं सरकारचं, आम्ही बसणार. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. २६ डिसेंबर १८९७ ला एका वसाहतवाल्यानं त्याला घोड्यावरच गोळी घातली. फ्रेंचच्या हातात हत्यार नव्हतं. ज्युरीनं गोळी घालणाऱ्याला निर्दोष सोडलं. बांधावरून खून आपल्याकडे होतात तेव्हा मला हे नेहमी आठवतं. सरोवराच्या तळाचा वाद पार १९३५ पर्यंत चालला आणि सुप्रीम कोर्टानं तो केंद्र सरकारच्या बाजूनं निकालात काढला.

झऱ्याचं उत्तर उद्या देतो. दूध काढायची वेळ झाली असं लिहिणार होतो, पण माझ्याकडे गाय नाही.

पाटकरी

वडील पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे लहानपण कालव्याच्या कडेला गेलं. रानजाई, तुम्ही दिलेल्या वर्णनावरून तो १:२४,००० चा पट मीही उतरवला (बरोबर पटच उतरवला असेन तर!). ओढ्याच्या डावीकडून एक बारीक निळी रेषा निघते, ती ओढा नाही. ओढा कंटूर (समान उंचीची रेषा) कापत उतरतो. ही रेषा दोन कंटूरांच्या मधून कडेकडेनं जाते, अर्धा मैल गेली तरी एक कंटूरसुद्धा ओलांडत नाही. हा पाट आहे. आमच्या मोसम-पांझरेच्या फडांवरचे पाट असेच, डोळ्याला सपाट आणि पाण्याला उताराचे. जिथे रेषा संपते तिथून खाली जमीन ओलिताखाली असणार. माळरानकाका म्हणतात ती गंजीची जागा हीच का?

माळरान

पाटकरी, नावाला जागलात. तीच.

फ्रेंचग्लेनच्या उत्तरेला याच नजरेनं बघा. ब्लिट्झन नदी मैलभर रुळासारखी सरळ जाते आणि बाजूला जुन्या वळणांचे निळे तुकडे तुटून पडलेले. नदी स्वतःहून एवढी शहाणी होत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुरांच्या कंपनीनं ती खणून सरळ केली. १९३५ ला ते खोरं सरकारनं पक्ष्यांच्या आश्रयस्थानासाठी विकत घेतलं आणि मग बेरोजगार पोरांच्या सरकारी छावण्यांनी, म्हणजे सीसीसीनं, बंधारे आणि चाऱ्या बांधल्या. म्हणजे आज जिथे सारस पक्ष्यांचे भाऊबंद उतरतात ते कुरण एका अर्थानं गुरांसाठी आखलेलं ओलीत आहे.

आता रानजाईंचा झरा. दोन गोष्टी झाल्या असतील.

एक, आकडे. तुमचा नकाशा १९२७ च्या डेटमवर, फोन १९८४ च्या. दोघांचं अक्षांश-रेखांशाचं मोजमाप वेगळ्या जागेपासून सुरू होतं. या भागात तेच आकडे टाकले तर माणूस शंभरेक मीटर पूर्व-पश्चिम सरकतो, आणि यूटीएमचे (अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या चौकटीचे) आकडे टाकले तर दोनशेच्या वर. माळावर चालतं, पण तुमच्या जागी मधे कडा असेल तर तुम्ही त्याच्या चुकीच्या बाजूला उभ्या होतात. फोनच्या ॲपमध्ये डेटम बदलायची सोय असते, किंवा टोपोव्ह्यूवरून जिओटिफ (जागेचे आकडे आतच असलेली नकाशाची फाइल) उतरवा, तो आपोआप जागेवर बसतो. होकायंत्र वापरत असाल तर कडेची उत्तरेची आकृतीही तशीच घेऊ नका. त्या काळात चुंबकीय उत्तर इथे पूर्वेकडे १९ अंशांच्या आसपास होती, आता १४ च्या आत आली आहे.

दोन, आणि हे मी स्वतःच्या घशानं शिकलोय. इथला माझा पहिला ऑगस्ट. नकाशावर निळा ठिपका आणि त्याला शेपटी, म्हणजे बारमाही झरा, म्हणून एकच बाटली घेऊन चार मैल गेलो. जागेवर गंजलेली पत्र्याची डोण, तिच्यात दोन बोटं वाळलेलं शेवाळ आणि गांधीलमाश्या. परत येताना जीभ टाळूला चिकटलेली. गाडीतलं पाणी चहाइतकं गरम झालं होतं, ते अमृतासारखं प्यायलो. पुढे एका म्हाताऱ्या रँचरनं सांगितलं, “झरा नकाशावर आहे, पाणी पाइपात आहे.” इथे झऱ्याचं तोंड दगड-मातीनं झाकून पाइपानं पाणी खालच्या अंगाला हौदात नेतात, म्हणजे गुरं तोंडाशी चिखल करत नाहीत. मूळ जागा मग कोरडी पडते. त्यामुळे चिन्हापाशी पोचलात की उताराकडे शे-दोनशे पावलं चाला.

आणि इथे मी कट्ट्यावरच्यांना मुजरा करतो. निघण्याआधी उपग्रहाचा फोटो उघडाच. गुरं ज्या पाण्यावर आज येतात, त्याच्याभोवती सायकलच्या आऱ्यांसारख्या पायवाटा दिसतात, सगळ्या एका बिंदूत येणाऱ्या. आऱ्या आहेत तर पाणी आहे. आऱ्या पुसट तर झरा मेला.

आणखी मागे जायचं असेल तर बीएलएमच्या संकेतस्थळावर जनरल लँड ऑफिसचे (सरकारी जमिनी मोजून देणाऱ्या जुन्या खात्याचे) मोजणी नकाशे आणि सोबतच्या वह्या आहेत. ६६ फुटांची साखळी, ८० साखळ्यांचा मैल. मोजणीदार चालता चालता लिहीत गेला आहे: इतक्या साखळ्यांवर ओढा, इतक्यांवर गाडीवाट, इतक्यांवर कुंपण, जमीन तिसऱ्या प्रतीची. या मुलखात तिसरी प्रत इतक्यांदा येते की पुढे पुढे त्याचं अक्षरसुद्धा कंटाळलेलं वाटतं. तुमच्या ओढ्याच्या सेक्शनमध्ये कोणाचं घर लिहिलंय का बघा.

जाताना काय न्यायचं ते सांगत नाही, ट्रेकर आहात. एकच: वाटेत तारेची फाटकं लागतील. जसं सापडेल तसं ठेवा.

रानजाई

धागा वर काढते आहे. जाऊन आलो. नवरा आणि मी, सप्टेंबरचा दुसरा आठवडा. फील्ड्सच्या दुकानातला मिल्कशेक पिऊन निघालो. (तो पिण्यासाठी म्हणून शंभर मैल गाडी हाकणारे लोक आहेत. आम्हीही त्यातलेच झालो.)

आधी वही. मोजणीच्या वहीत आमच्या सेक्शनला ओढा आहे, गाडीवाट आहे, घर नाही. म्हणजे घर मोजणीनंतरचं.

पॉप्लर आहेत! तीन उभे, दोन आडवे. लांबून ओळ दिसल्यावर मी गाडीत ओरडले. घराच्या जागी दगडांची एक चौकट आणि मधे लोखंडी पलंगाच्या स्प्रिंगा. बाजूला गंजके डबे. एकाच्या झाकणाच्या मधोमध डागाचा शिशासारखा ठिपका होता, जुन्या पद्धतीचा. उचलून पाहिला आणि होता तसा परत ठेवला.

पाटकरींचा पाट सापडला. आता गुडघाभर खोल, तळाशी सेजब्रश माजलेला, पण काठ शाबूत. आम्ही त्यातून अर्धा तास चाललो. फोनवरची उंची सबंध वेळात जेमतेम दहा-बारा फूट हलली. नवऱ्याला म्हटलं, हे ज्यानं खणलं त्याच्याकडे फोन नव्हता. तो म्हणाला, पाणी होतं ना, सोडून बघितलं असेल. मला हे सुचलं नव्हतं. पाट जिथे संपतो तिथे खाली गवत वेगळं आहे, उंच आणि पिवळं, अजूनही.

डेटम बदलून झऱ्यावर गेलो. जूनमध्ये मी कड्याच्या वरच्या अंगाला उभी होते! या वेळी बरोबर बाजूनं गेलो. चिन्हापाशी परत कोरडंच. मग उताराकडे मोजून १७० पावलं. तिथे खाणीतल्या ट्रकचा असतो तसला प्रचंड टायर आडवा घालून हौद केलेला, काळ्या पाइपातून करंगळीएवढी धार, आत जाळीचा एक उतार लावलेला. तो कशाला ते कळेना. तेवढ्यात एक चिमणीएवढा पक्षी पाण्यात पडला आणि त्याच जाळीवरून चढून बाहेर आला.

आता कबुली. वाटेतलं फाटक उघडं होतं आणि मी ते लावलं. माळरानकाकांनी सांगूनसुद्धा. हात आपोआप गेला. शेताचं फाटक उघडं दिसलं की लावायचं, हेच लहानपणापासून. चांगलं खांद्यानं खांब दाबून तारेची कडी चढवली, अभिमानानं. तासाभरानं एक पिकअप आली. साठीचा माणूस, मागे दोन कुत्री. रागावला नाही, पण म्हणाला, गाई पलीकडे आहेत आणि पाणी अलीकडे, म्हणून ते उघडं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यानं माझ्या हातातला कागद मागितला. १९५० चा पट उलटासुलटा करून बघितला, रँचच्या नावावर बोट ठेवलं आणि हसला. म्हणे, हे नाव मी पहिल्यांदा वाचतोय, आमच्या घरी या जागेला नुसतं ‘पॉप्लर’ म्हणतात.

माळरान

नकाशावर त्याच्या तोंडचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवा. तारखेसकट.

पाटकरी

आणि गाई? आल्या का पाण्यावर?

रानजाई

लिहिलं. 

हो, आल्या की. त्यानंच जाऊन फाटक उघडलं. चारच्या सुमाराला पहिली काळी गाय टेकाडावर दिसली. आम्ही गाडीतच बसून राहिलो, काच वर करून. मागून अठरा-वीस आल्या, वासरांसकट, एकामागे एक, त्या आऱ्यांपैकी एकाच पायवाटेवरून. बाजूला एवढा मोकळा माळ पडलेला, पण एकीनंही वाट सोडली नाही.